कोकणातून परत आलेले तीन सेट

उपाध्ये साहेबांनी माझा ट्रान्सफॉर्मर धारप साहेबांच्या टेबलावर ठेवला, तो मेलेला उंदीर शेपटीला धरून ठेवावा तसा. दोन बोटांत धरून. मग रुमाल काढून बोटं पुसली.

“हा तुमचा ना, थेटेबाई?”

“माझाच,” मी म्हटलं. “काय झालं त्याला?”

“ओल खाल्ली त्यानं. भट्टीतून कच्चा काढलात तुम्ही.”

मी धारप साहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. वाईट बोलायची पाळी आली की ते चष्मा पुसायचे आणि बोलायचं काम दुसऱ्यावर सोडायचे.

त्र्याऐंशी सालचा मार्गशीर्ष होता. नाशिकला सातपूरमध्ये धारपांचा लहानसा कारखाना होता, सगळी मिळून आम्ही तीस माणसं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागतो तो ऑसिलोस्कोप तिथं बनायचा. आम्ही त्याला स्कोप म्हणायचो, नाहीतर नुसतं सेट. विजेची चाल डोळ्याला दिसत नाही, ती काचेवर हिरव्या रेघेनं काढून दाखवणारं यंत्र. दुसऱ्याचं यंत्र बिघडलं की ते तपासायला हा लागतो, आणि आता हाच आजारी पडला होता.

मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी म्हैस होती. म्हैस जिंकली. पण तांब्याची तार केसाहून बारीक असली तरी माझ्या हातात तुटत नव्हती, आणि साडेतीन हजार फेरे मोजताना कोणी मध्ये बोललं तरी माझा आकडा चुकत नव्हता. स्कोपला भिंतीतली वीज लागते ती आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. तो ज्याला जेवढी पचेल तेवढी वाढतो. कुणाला पाच व्होल्ट, कुणाला बारा, आणि समोरच्या काचेच्या नळीला थेट दीड हजार. त्या सगळ्या वाढपाला पॉवर सप्लाय म्हणतात. तिथलं सगळं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं काम, आम्ही सातजणी करायचो आणि सातजणींत मी मोठी. मोठी म्हणजे वयानं नाही, वयानं मथुरा पेखळे मोठी. कामानं मी.

तर झालं असं होतं. दिवाळीनंतर कोकणातल्या एका कॉलेजला आठ सेट गेले. महिन्यात तीन परत आले. सोबत चिठ्ठी, की चालू केला की अर्ध्या तासानं रेघ जाड होते, फुगते, फिकी पडते आणि मग फ्यूज उडतो. उपाध्ये साहेब पुण्याहून नवीन आलेले, इंजिनिअर, खिशाला तीन पेनं. त्यांनी तिन्ही सेट उघडून टेबलावर घेतले. तीन दिवस तपासले. आमच्याकडे सेट सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुकाट चालायचे, रेघ तलवारीसारखी. बिघाड दिसेचना.

मग त्यांनी डोकं चालवलं, आणि खोटं कशाला सांगू, अर्धं बरोबरच चालवलं. नाशिकची थंडी कोरडी, कोकणची हवा दमट. म्हणजे आत काहीतरी ओल धरतंय. ओल कोण धरणार? ज्याला गुंडाळून, वार्निशमध्ये बुडवून, भट्टीत वाळवतात तोच. आणि वाळवतं कोण? चौथी पास सगुणा थेटे.

“वार्निश नीट सुकलं नाही की आतल्या थरांत ओल जाते,” ते धारपांना सांगत होते, मी तिथं नसल्यासारखं. “बायकांना पाचला घरी जायची घाई असते. त्यापेक्षा बाहेरून तयार ट्रान्सफॉर्मर घेऊ. सोमवारी ऑर्डर टाकतो. वाइंडिंगची खोली रिकामी झाली की तिथं टेस्टिंग हलवता येईल.”

“आणि या सातजणी?” धारपांनी चष्म्याला विचारलं.

“पॅकिंगला दोघी लागतील.”

सात वजा दोन एवढं गणित चौथीत शिकवतात. माझे दोन मुलगे तेव्हा आठवी आणि सहावीत होते. मथुरेचा नवरा दम्यानं खाटेला, घर तिच्या हातावर. पण खरं सांगते, त्या क्षणी मला घर आठवलं नाही. मला ‘कच्चा’ हा शब्द लागला होता.

“साहेब,” मी धारपांना म्हटलं, “आज शनिवार. मला आजचा दिवस द्या. ट्रान्सफॉर्मर ओला होतो का ते तुमच्यासमोर दाखवते. झाला तर सातजणींना सोमवारी मीच घरी घेऊन जाईन.”

उपाध्ये हसले. “तुम्ही दाखवणार?”

“का, विजेला डिग्री लागते का?”

धारपांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “संध्याकाळपर्यंत,” म्हणाले.

मी वाइंडिंगच्या खोलीत येऊन मथुरेला सांगितलं. तिनं आधी कपाळावर हात मारला, मग विचारलं काय काय लागेल. म्हटलं चहाचा स्टोव्ह, मोठं पातेलं, दोन गोणपाटं आणि बादलीभर पाणी. बाकीच्या पोरींना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. फिरलंच होतं.

कोकण नाशिकला आणायचं होतं, एवढंच. तिन्ही सेटमधले ट्रान्सफॉर्मर काढले, पातेल्यावर काठी आडवी टाकून तिला टांगले, खाली पाणी उकळत ठेवलं आणि वरून ओलं गोणपाट. खोलीत अशी वाफ झाली की भिंतींना घाम फुटला. उपाध्ये साहेब दारात आले नि नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

“हा कारखाना आहे का बाळंतिणीची खोली?”

“बाळंतपणं मी केलीत साहेब, माहितीये मला वाफ किती द्यायची ते,” मी म्हटलं. “तुम्ही जन्माला आलात, तेवढाच तुमचा अनुभव.”

पोरी तोंडात पदर घालून हसल्या. ते लाल झाले, पण गेले नाहीत. हा एक गुण होता त्या माणसात, चीड आली तरी बघायचं सोडत नसे.

दोन तास वाफ दिली. मग ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून वरचं पाणी फडक्यानं टिपलं आणि मेगर मागवला. मेगर म्हणजे हातानं फिरवायचं एक यंत्र, लाकडी पेटीतलं, आतल्या आत वीज कुठं पाझरते का ते सांगणारं. पाझरत असेल तर काटा शून्याकडे पडतो. कोरडं ठणठणीत असेल तर दुसऱ्या टोकाला जातो, तिथं आठाचा आकडा आडवा झोपलेला असतो. मी हँडलला हात लावला नाही. म्हटलं, उपाध्ये साहेबांनीच फिरवावं, नाहीतर म्हणतील बाईनं हळू फिरवलं.

त्यांनी फिरवलं. जोरात. काटा उठला आणि आडव्या आठावर जाऊन टेकला. दुसरा लावला, तसाच. तिसऱ्याला त्यांनी दोनदा फिरवलं, तारा उलट्यासुलट्या लावून. काटा हलला नाही.

धारप साहेब येऊन मागे उभे होते. मी नुसती उपाध्यांची बोटं बघत होते. आता रुमाल निघाला नव्हता.

“सुटा ट्रान्सफॉर्मर वेगळा,” उपाध्ये म्हणाले. “सेटमध्ये तो तापतो. लोड येतो त्याच्यावर.”

“मग लोड टाकू.”

दुपारचा डबा झाल्यावर एका सेटचा ट्रान्सफॉर्मर मी बाहेरच ठेवला, हातभर लांब, कोरड्या लाकडी पाटावर. तिथून सेटपर्यंत तारा ओढल्या, तारांवर रबरी नळ्या चढवल्या आणि डाग देऊन जोडल्या. डाग देणं म्हणजे कथलानं तार चिकटवणं. उपाध्ये प्रत्येक डाग भिंगातून बघत होते. मग नुसत्या सेटला ओल्या गोणपाटाखाली घेतलं, खाली वाफेचं पातेलं सरकवलं, काच तेवढी उघडी ठेवली आणि चालू केला.

आता माझा कोरडा बाहेर आणि त्यांचा सेट कोकणात.

रेघ आली, बारीक, हिरवी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पोरींनी काम टाकून गर्दी केली होती. पंचविसाव्या मिनिटाला मथुरा मला म्हणाली, सगुणे, रेघ जाड झाली का गं. झाली होती. ओल्या कपड्यावर शाईचा ठिपका पसरावा तशी पसरत गेली, मग काचेच्या बाहेर जाईल एवढी फुगली, फिकट झाली आणि आतून ‘चट्’ असा आवाज आला. फ्यूज गेला. मी पाटावरच्या ट्रान्सफॉर्मरला पालथा हात लावला. बिघाड त्यात असता तर तो तव्यासारखा तापायला हवा होता, तो नेहमीसारखा नुसता कोमट होता.

“लावा हात,” मी उपाध्यांना म्हटलं.

त्यांनी लावला. बराच वेळ ठेवला. मग धारपांना म्हणाले, “ट्रान्सफॉर्मर नाही.”

एवढे दोन शब्द. माझ्यासाठी त्या दोन शब्दांचा हार झाला असता. धारप साहेब मोकळं हसले, म्हणाले, चला बाई, तुमची खोली वाचली, आता उरलेलं उपाध्ये बघतील.

मी तिथं थांबायला हवं होतं. घरी जाऊन पोरांना शिरा करून घालायला हवा होता. पण सकाळपासून ‘कच्चा’ शब्द घशात अडकला होता आणि तो मला उपाध्यांच्या घशात घालायचा होता. माझं घर मी झाडून दाखवलं, आता त्यांच्या घरातला कचरा त्यांच्या डोळ्यांसमोर काढायचा होता. म्हटलं, “साहेब, चाललंय तर शोधूनच देते. काळं कापड आणा.”

जिथं वीज चोरवाटेनं जाते तिथं ठिणगी असते, पण बारीक असली तर उजेडात दिसत नाही. म्हणून फ्यूज बदलून सेट परत चालू केला आणि टेस्टिंगचं काळं कापड डोक्यावरून घेऊन मी आत वाकले. उघड्या सेटमध्ये वाकायचं तर एकच हात पुढे, दुसरा पाठीमागे, हे मला धारपांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातानं शिरून दुसऱ्यानं निघते आणि वाटेत काळीज लागतं. मी डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या पदरात खोचला. उजव्यात लाकडी काडी. आत वाफेचा, तापलेल्या वार्निशचा आणि आणखी कसला तरी वास येत होता, ओळखीचा, पण नाव सुचेना.

डोळे सरावले. मग दिसलं.

ट्रान्सफॉर्मर बसतो ती जागा वर, आणि तिच्या बरोबर खाली दीड हजार व्होल्टच्या तारा जोडायची पांढरी पट्टी. त्या पट्टीवरच्या दोन टोकांमध्ये निळसर जांभळी रेघ सरपटत होती, केसासारखी. ती मनाला येईल तशी धावत नव्हती. एका वाटेवरून धावत होती. वाट वरून खाली ओघळलेली होती, करंगळीएवढी रुंद, वाळलेली, कडेनं काळी पडलेली आणि मध्ये लाल.

वासाचं नाव तेव्हा सुचलं. कुंकू.

मी कापडाखालून बाहेर आले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“काय दिसलं?” उपाध्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. आज ऐंशीला टेकलेय, सुनांना, नातसुनांना खरं बोला म्हणून दटावते, पण त्या दिवशी मी ‘काही नाही’ म्हणाले, आणि हातात स्पिरिटचं फडकं घेऊन पुन्हा आत वाकायला निघाले. एकदा पुसलं की झालं असतं. सेट चालला असता, कोणाला कळलं नसतं, माझी खोली तर वाचलीच होती.

उपाध्ये म्हणाले, थांबा, मला बघू द्या. माझ्या हातातून कापड घेऊन ते स्वतःच आत वाकले. नियमाप्रमाणे एक हात पाठीमागे. मी त्यांच्या पाठीवरच्या त्या हाताकडे बघत उभी होते. मूठ मिटली, उघडली. मग ते बाहेर आले आणि सेट बंद करून काडीनं त्या ओघळाचं टोक खरवडलं. काडीच्या टोकावर लाल पूड आली.

“दसऱ्याची पूजा,” ते म्हणाले. “ओलं कुंकू ट्रान्सफॉर्मरला लावलं, ते खाली पट्टीवर ओघळलं. कोरड्या हवेत नुसती पूड. दमट हवेत ओल ओढते, मग वीज तिच्यावरून चालते.”

हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून कुंकू करतात. मिठासारखंच ते, पाणी ओढणारच. हे मला कळायला वाफेचं पातेलं लागायला नको होतं. दसऱ्याला आठही सेट झाकणं काढून पूजेसाठी आमच्या खोलीतल्या टेबलावर मांडलेले होते, म्हणजे आठांतही ओघळ असणार.

उपाध्ये मथुरेकडे वळले. दसऱ्याला यंत्रांची पूजा मथुराच करायची, पाच वर्षं तीच, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक.

“मथुराबाई, टिळा लावायचा तर बाहेरून लावावा, एवढी अक्कल नाही?”

मथुरा पांढरी पडली. म्हणाली, यंदा मला सुतक होतं, चुलतसासरे गेले होते, मी आलेच नव्हते. मी समजले वहिनींनी केली. वहिनी म्हणजे धारपांच्या पत्नी. धारप म्हणाले, त्या तर दसऱ्याला नागपूरला होत्या, मी समजलो तुम्ही केली.

“कुणी तरी केलीच ना,” उपाध्ये म्हणाले. सकाळची सगळी हार त्यांच्या आवाजात आली होती. “आठ सेट गेले, कॉलेजपुढे नाक गेलं. ज्या बाईनं केलं तिला सोमवारपासून आत घेऊ नका, साहेब.” आणि ते मथुरेकडेच बघत राहिले. सुतकाची गोष्ट त्यांना खरी वाटली नव्हती. दुसऱ्या बायकाही मथुरेकडे बघायला लागल्या. आपली मान सोडवायची असली की माणसं अशीच बघतात.

“मी केली,” मी म्हटलं.

धारपांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. “तुम्ही?”

त्या ‘तुम्ही’मध्ये सेट नव्हते, कॉलेज नव्हतं. रामभाऊ होते. माझा नवरा रामभाऊ दूध नेणाऱ्या गाडीखाली गेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तेव्हाच मी धारपांकडे लागले. वाइंडिंगचं पहिलं मशीन खोक्यातून निघालं ते माझ्यासमोर, त्याचं हँडल माझ्या हातानं गुळगुळीत झालं, आणि दर दसऱ्याला मी दारात उभी राहायचे आणि त्या हँडलला कुंकू मथुरा लावायची. तिची चूक नव्हती. मी पुढे झाले असते तर तिनं वाटी मागे घेतली असती, आणि मीही तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. पाच वर्षं मी पेढा हातात घेऊन बघत राहिले. खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. सहाव्या वर्षी तासभर आधी आले. दार लावून घेतलं, वाटीत कुंकू कालवलं, आधी मशीनला लावलं. मग हात थांबेना. टेबलावर आठ सेट उघडे होते आणि आठांत आठ ट्रान्सफॉर्मर माझे. एकेकाला लावलं, बोट बुडवून, भरपूर. मग बाहेर जाऊन दारात उभी राहिले, इतर आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आत शिरले, आणि पूजा कुणी केली गं म्हणून मीही विचारलं.

हे सगळं मी तिथं सांगितलं नाही. तिथं फक्त ‘मी केली’ एवढंच. पण बायकांना बाकीचं आपोआप कळलं. एक पोर अर्धा पाऊल मागे सरकली. दुसरी हळूच म्हणाली, तरीच. ‘तरीच’ म्हणजे काय ते मला विचारायला लागलं नाही. उपाध्यांनीही काडी खाली ठेवली.

“तरीच काय गं?” मी त्या पोरीला विचारलं. “मोठ्यानं बोल. माझ्या हाताचं कुंकू म्हणून सेट जळले, असंच ना?” मी उपाध्यांकडे वळले. “साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा हिला. मथुरेनं लावलं असतं तर ओघळलं नसतं का? वीज त्या ओघळावरून चालली तेव्हा तिनं कुंकू बघितलं, कुणाचं कपाळ नाही बघितलं.”

ते टेबलावरच्या काडीकडे बघत होते.

“आणि तुम्ही तीन दिवस सेट उघडे घेऊन बसला होतात. ब्रशनं कण न् कण धूळ झटकलीत, मी बघत होते. ट्रान्सफॉर्मरवरच्या टिळ्याला ब्रश लावलात?”

“ते कुंकू होतं,” उपाध्ये म्हणाले. मग आपलंच वाक्य ऐकल्यासारखे थांबले.

“म्हणून बाजूनं झटकलंत. मीसुद्धा. सकाळपासून तो ट्रान्सफॉर्मर माझ्या हातात होता, मीही नाही बघितलं. आपल्यात कुणी कुंकवाकडे घाण म्हणून बघत नाही. चूक माझी आहे, ओलं लावलं आणि आत लावलं. पुढच्या वेळी कोरडं लावीन आणि बाहेर लावीन. पण लावीन. घालवायचं असेल तर मला घालवा, या बाईला नाही.”

धारप साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिन्ही सेटकडे पाहिलं. ते धर्माचं पाळणारे, रोज संध्या करणारे. मला वाटलं आता घालवतात. मग म्हणाले, स्पिरिट किती आहे आपल्याकडे? एवढ्यानं तिन्ही सेट पुसून होतील का? आणि उपाध्ये, ती सोमवारची ऑर्डर नको. एवढंच. जाताना मथुरेपाशी थांबून म्हणाले, पेखळेबाई, माफ करा.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते मी त्यांच्याकडून मागितलंही नव्हतं.

मथुरा आणि मी स्पिरिटची फडकी घेऊन बसलो. बाकीच्या पोरी दुसऱ्या टेबलाला. अर्धा सेट पुसून झाल्यावर मथुरा फडक्याकडे बघत म्हणाली, “मला विचारायचं होतंस.”

“तू काय म्हणाली असतीस?”

तिनं खरंच विचार केला. “नाही म्हणाले असते.”

“म्हणून नाही विचारलं.”

“आणि आज माझ्यावर ढकललं असतंस तर?”

“ढकललंच होतं थोडं,” मी म्हटलं. “‘काही नाही’ म्हणाले ना मी, तेव्हा.”

तिनं माझ्याकडे बघितलं, शिवी देईल असं वाटलं. दिली पण. मग माझ्या हातातलं मळलेलं फडकं काढून घेतलं आणि स्वतःकडचं कोरडं दिलं. पट्टी पुन्हा पांढरी झाली. पुसलेले तिन्ही सेट आम्ही ओल्या गोणपाटाखाली तासभर चालवले. रेघ बारीकच राहिली.

पाच वाजायच्या आत उपाध्ये साहेब कॉलेजला पाठवायचा कागद लिहून सहीला घेऊन आले. दुरुस्ती कुणी केली तिथं माझी सही लागत होती, कारण धारपांनी तसं सांगितलं होतं. कागद इंग्रजीत. मी म्हटलं, वाचून दाखवा, मराठीत.

“‘पॉवर सप्लायच्या उच्च दाबाच्या पट्टीवर बाहेरची घाण आढळली. ती साफ केली. सेट दमट हवेत तपासले, व्यवस्थित आहेत.’”

“घाण खोडा.”

“थेटेबाई, असंच लिहितात. कुंकू लिहिलं तर कॉलेजवाले हसतील आपल्याला.”

“हसू द्या. उरलेल्या पाच सेटमध्येही आहे ते. घाण लिहिलंत तर ते धूळ झटकतील आणि टिळा तसाच ठेवतील, तुमच्यासारखा. मग पुन्हा तीन परत येतील. कुंकू लिहा म्हणजे पुसतील.”

त्यांनी पेन उघडलं. ‘घाण’वर रेघ मारली आणि वर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे न बघता, थोडं टोचायचं म्हणून आणि थोडं खरंच विचारायचं म्हणून म्हणाले, “कुणी लावलं तेही लिहू का?”

“लिहा,” मी म्हटलं. “सगुणा रामभाऊ थेटे. रामभाऊ वारलेत. जागा असेल तर तेही लिहा.”